मुलांच्या चॅनलचा लोगो बदलण्याआधी

प्रश्न चोपड्याहून आला आहे. विचारणाऱ्या भाऊंचा केबलचा धंदा आहे. त्यांच्या लोकल चॅनलवर रोज संध्याकाळी मुलांचे कार्यक्रम लागतात: शाळांची स्नेहसंमेलने, चित्रकला, अहिराणीतल्या गोष्टी. सुरू होण्याआधी पावरी या आपल्याकडच्या फुंकवाद्याची एक छोटी धून वाजते. आता त्यातून मुलांचे वेगळे चॅनल काढायचे घाटते आहे. त्यांना दोन गोष्टी हव्या आहेत. एक, निक, कार्टून नेटवर्क, डिस्ने यांची नावे आणि लोगो दर काही वर्षांनी का बदलतात? दोन, आपण नवे नाव घेऊन कोपऱ्यात मोठा, फिरता, चमकणारा लोगो लावला तर चॅनल 'मोठ्या चॅनलसारखे' दिसेल का?

दुसऱ्याचे उत्तर छोटे आहे, म्हणून आधी तेच देतो. नाही दिसणार. लोकल चॅनल ओळखायची सगळ्यात सोपी खूणच ती आहे. सोनेरी, थ्रीडी, गरागरा फिरणारा लोगो दिसला की घरातले लोक न वाचताच म्हणतात, 'हे आपल्या गावचं चॅनल.' मोठ्या वाहिन्यांचा लोगो बहुतेक वेळ गप्प बसलेला असतो.

मी मुंबईत प्रोमो आणि ऑन-एअर ग्राफिक्सच्या कामात बरीच वर्षे काढली, त्यातला मोठा काळ मुलांच्या वाहिन्यांवर. आता जळगावात बसून हेच काम करतो. माझे मत स्पष्ट आहे: कोपऱ्यातला लोगो मुलांसाठी नसतो, आणि रिब्रँडिंगही बहुतेकदा मुलांसाठी होत नसते. हे एकदा पटले की पैसा कुठे घालायचा आणि कुठे वाचवायचा ते लगेच कळते.

डिस्नेचेच बघा. २००४च्या डिसेंबरात भारतात डिस्ने चॅनलसोबत टून डिस्ने आले. २००९मध्ये टून डिस्नेचे डिस्ने एक्सडी झाले, २०१९मध्ये मार्व्हल एचक्यू आणि २०२२मध्ये सुपर हंगामा. चॅनल एक, नावे चार. यातला एकही बदल पोरांनी मागितलेला नव्हता. कधी जगभरच्या शाखांशी नाव जुळवायचे असते, कधी सुपरहिरोंची हवा असते, कधी ती हवा ओसरून देशी कार्यक्रमांकडे परत यायचे असते. हंगामा टीव्ही २००४मध्ये यूटीव्हीने काढले आणि २००६मध्ये डिस्नेने ते घेतले. घेणाऱ्याने नाव मात्र पुसले नाही, आणि पुढे तेच नाव दुसऱ्या चॅनललाही दिले. डिस्नेसारख्या नावाच्या मालकाला 'हंगामा' ठेवावेसे वाटले, म्हणजे पोरांच्या तोंडी बसलेल्या नावाची किंमत काय असते ते समजा.

निकेलोडियनची गोष्ट याहून शिकण्यासारखी. १९८४मध्ये त्यांनी नारिंगी रंगाचा शिंतोडा घेतला आणि त्यावर पांढरी, गुबगुबीत अक्षरे ठेवली. खरी कल्पना अशी होती की शिंतोड्याला ठरावीक आकारच नाही. आज तो हाड, उद्या ढग, परवा विमान. रंग आणि अक्षरे कायम, बाकी काहीही. चोवीस तास दिसणारी गोष्ट शिळी होऊ नये याचा इतका साधा इलाज मी दुसरा पाहिला नाही. २००९मध्ये त्यांनी तो काढून सरळ नारिंगी अक्षरांचा लोगो केला, म्हणजे निक ज्युनिअरसारखी भावंडे एका साच्यात बसतील. नीटनेटका होता, पण त्यात खोडी उरली नव्हती. २०२३मध्ये शिंतोडा परत आला. का? ज्यांनी तो लहानपणी पाहिला ते आता आईबाप झाले आहेत आणि रिमोट त्यांच्या हातात आहे, असा मी त्याचा अर्थ लावतो.

मुलांच्या चॅनलचा प्रेक्षक पाच-सात वर्षांत जवळजवळ पूर्ण बदलतो. टीव्हीचे प्रेक्षक मोजणारी बार्क मुलांचा गट २ ते १४ वर्षांचा धरते, पण सहा वर्षांचे पोर आणि तेरा वर्षांचे पोर एकच गोष्ट बघत नाहीत हे आपल्याला घरातच दिसते. 'जुना लोगो किती छान होता' असे म्हणणारा कधीच प्रेक्षक उरलेला नसतो. त्यामुळे रूप बदलायला ही चॅनल घाबरत नाहीत, आणि घाबरायचे कारणही नाही. जपायचे असते ते दुसरेच.

कार्टून नेटवर्कचा १९९२चा लोगो आठवा. वर सात चौकोन, खाली सात, काळे-पांढरे, प्रत्येकात एक अक्षर. भारतात ते चॅनल १९९५ला आले. छापील जाहिरातीत तो लोगो देखणाच होता, पण टीव्हीच्या कोपऱ्यात चौदा अक्षरे वाचायची म्हणजे डोळ्यांची परीक्षा. २००४मध्ये त्याचे दोनच अक्षरांचे दोन ठोकळे झाले. २०१०मध्ये बुद्धिबळाच्या पटासारखी ती काळी-पांढरी नक्षी पुन्हा पुढे आली, पण दोन अक्षरे कायम राहिली. म्हणजे जुन्यातले ओळखीचे घेतले आणि कोपऱ्यात न मावणारे टाकले.

लांब जायलाही नको. चोपड्याहून तापी ओलांडली की अमळनेर. तिथे १९४५मध्ये वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स. पुढे तुपाच्या कंपनीची संगणकाची कंपनी झाली, पण इंग्रजी नावातल्या अक्षरांतून निघालेले 'विप्रो' टिकले. १९९८मध्ये तिने रंगीबेरंगी फुलाचा लोगो घेतला आणि २०१७मध्ये तो सोडून ठिपक्यांचा नवा घेतला. चित्र दोनदा बदलले तरी नावाला हात लागला नाही.

तेव्हा भाऊ, तुमच्या कार्यक्रमाचे नाव गावातली पोरे घेतात का, हे आधी बघा. घेत असतील तर तेच चॅनलला द्या. 'किड्स', 'टून', 'ज्युनिअर' असले शेपूट लावलेले नवे नाव कशाला? आणि ती पावरीची धून काही झाले तरी सोडू नका. लोगोपेक्षा ती मोलाची आहे. डिस्ने चॅनलवर मुले हवेत कांडी फिरवून मिकीचे कान काढतात तेव्हा चार सुरांची धून वाजते. डोळे वहीत असले तरी पोराला कळते की आपले चॅनल लागले. दूरदर्शनची पंडित रविशंकरांची धून ऐकली की आमच्या वयाचे लोक आजही मान वळवतात, मग पडद्यावर काय फिरते आहे ते बघतात. आई स्वयंपाकघरात, आजी ओट्यावर, टीव्ही पुढच्या खोलीत. अशा घरात चॅनल आधी कानाने ओळखले जाते.

मग कोपऱ्यातला लोगो कोणासाठी? रिमोटने भराभर चॅनल बदलणाऱ्यासाठी. वाचता न येणाऱ्या आजीसाठी, जिला नातवाचे चॅनल रंगावरून सापडते. तुमच्यासाठी, म्हणजे हेडएंडवर (चॅनल जिथून केबलमध्ये सोडली जातात तिथे) कोणत्या नंबरावर कोणता फीड चालला आहे ते एका नजरेत दिसावे. आणि तुमच्या कार्यक्रमाचा तुकडा उद्या कुणी यूट्यूबवर टाकला तर तो कुठला ते कळावे यासाठी. प्रेक्षक मोजण्याशी त्याचा संबंध नाही. बार्कचे मीटर आवाजात मिसळलेली खूण ओळखते, चित्रातला लोगो नव्हे. पोर बघते ते भीमाला. २००८पासून 'छोटा भीम' बघत मोठी झालेली किती पोरे पोगोचा लोगो कागदावर काढून दाखवतील? भीम मात्र सगळी काढतील. भीम एका भागात दिसला नाही तर 'भीम कथा गया?' (कुठे गेला?) म्हणून घर डोक्यावर घेतील. लोगो गेला तर ढुंकूनही बघणार नाहीत.

आता कोपऱ्याच्या कामाकडे येतो. इथे जरा थांबणार आहे, कारण इथेच सगळ्यात जास्त बिघडते.

जागा उजवीकडे वर. आपल्याकडे बहुतेकांची नजर तिथेच जाते. खाली नको, तिथे सेट टॉप बॉक्सची पट्टी येते आणि मजकूरही खालीच चालतो. पण 'वर उजवीकडे' म्हणजे अगदी काठाला चिकटून नव्हे. तुमचे चॅनल ७२० बाय ५७६ चे असेल तर काठापासून किमान ५ टक्के आत, म्हणजे बाजूने ३६ आणि वरून साधारण २९ पिक्सेल. हे झाले नव्या सपाट टीव्हींसाठी. जुने फुगीर काचेचे टीव्ही चित्राच्या कडा खातात, त्यांच्यासाठी १० टक्के धरा. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवर असे टीव्ही अजून चालू असतील तर तिथल्या ग्राहकाला वाऱ्यावर सोडू नका. शिवाय तुम्ही रुंद चित्र पाठवत असाल आणि ग्राहकाचा बॉक्स दोन्ही बाजू कापून चौकोनी टीव्हीला देत असेल, तर प्रत्येक बाजूने साडेबारा टक्के चित्र जाते. तुमचा लोगो तिथे अर्धाच उरतो. उलटही होते. चौकोनी चित्र रुंद टीव्हीवर ताणले की सगळे एक तृतीयांशाने रुंद होते आणि तुमचे गोल वर्तुळ अंड्यासारखे दिसते. म्हणून लोगोत शुद्ध वर्तुळ असेल तर दोनदा विचार करा. थोडा वेडावाकडा, हाताने काढल्यासारखा आकार ताणला तरी खुपत नाही.

आकार लहान ठेवा. चित्राच्या रुंदीच्या आठव्या भागापेक्षा मोठा लोगो मला सहन होत नाही. आत नाव पूर्ण लिहू नका. एक आकार, एक रंग, फार तर दोन अक्षरे. देवनागरीत मात्रा-वेलांट्या वर-खाली जातात, त्यामुळे तेवढ्याच जागेत अक्षराचा गाभा बारीक होतो. जाड, मोकळ्या पोटाचा टाइप घ्या. बारीक आडव्या रेघा टाळा. इंटरलेस्ड चित्रात (ज्यात एकाआड एक ओळी दोन पाळ्यांत, म्हणजे दोन फील्डांत, येतात) एका ओळीची रेघ प्रत्येक फ्रेमच्या दोन फील्डांपैकी एकातच येते आणि सेकंदाला २५ वेळा लुकलुकते. शिरोरेघ तर आडवीच असते. ती किमान तीन ओळी जाड हवी, नाहीतर अख्खे नाव थरथरल्यासारखे दिसते. संगणकाच्या पडद्यावर हा दोष दिसतच नाही, त्यामुळे डिझायनर शपथेवर सांगेल की फाइल ठीक आहे.

रंगाचे गणित वेगळेच. ग्राहकापर्यंत जाणाऱ्या चित्रात रंगाची माहिती उजेडाच्या मानाने आडवी आणि उभी दोन्हीकडे निम्मी असते. शंभर पिक्सेल रुंद लोगोत रंगाचे ठिपके पन्नासच. निळ्यावर लाल, हिरव्यावर लाल अशा जोड्या कडेला फुटतात, चिखल झाल्यासारख्या दिसतात. उजेडातला फरक ठेवा: गडद कडेवर फिकट भर, किंवा उलट. तपासायचे तर लोगो पूर्ण काळा-पांढरा करून बघा; तेव्हाही ओळखू आला तर टीव्हीवर टिकेल. आणि पांढरा म्हणजे चुन्यासारखा पांढरा नको. टीव्हीच्या ८ बिटांच्या मोजमापात पांढऱ्याची हद्द २३५ आहे. मी लोगोचा पांढरा २००च्या आसपास ठेवतो आणि पारदर्शकता अशी ठेवतो की मागचे चित्र थोडे जाणवावे. तेवढ्याने रात्रीच्या गोष्टीच्या वेळी कोपरा डोळ्यात घुसत नाही. चोवीस तास एकाच जागी झगझगीत आकार ठेवला तर प्लाझ्मा आणि ओएलईडी पडद्यांवर त्याचा डाग बसतो, तोही वाचतो.

खानदेशी चॅनल म्हटले की लोगोत केळीचा घड येतोच. रावेर-यावलच्या डिझायनरांना ते चित्र हाताशी तयारच असते. घड छान दिसतो, पण कोपऱ्यात तो पिवळा डाग होतो. पिवळा हवाच असेल तर एकच केळे, गडद कडेसह. पोरांना ते हसरे तोंडही वाटेल.

फिरत्या लोगोबद्दल तुम्ही खास विचारले आहे. लोकल चॅनलला हेडएंडवर मिळणारा बिटरेट, म्हणजे सेकंदाला पाठवता येणारी माहिती, आधीच तुटपुंजा असतो. चित्रातला जो भाग हलत नाही त्याला चित्र दाबून पाठवणारा एन्कोडर फारसे बिट खर्च करत नाही. तुम्ही कोपऱ्यात सतत काहीतरी फिरवले की त्या बिटांचा वाटा तिकडे जातो आणि नाचणाऱ्या पोरांच्या चेहऱ्यांवर चौकोन उमटतात. तुमच्या लोगोची किंमत पोरांच्या चेहऱ्यांनी भरायची का? अर्ध्या तासात एकदा, कार्यक्रम ब्रेकमधून परत येताना, दोन-तीन सेकंद लोगोला उडी मारू द्या, डोळा मिचकावू द्या आणि परत बसवा. सतत हलणाऱ्या गोष्टीकडे लक्ष जाणे बंद होते, अचानक हललेली गोष्ट पोर बोट दाखवून सांगते.

लोगोभोवती काळपट कड दिसते ही तक्रार मी खानदेशातल्या लोकल चॅनलांवर नेहमी बघतो. ती बहुतेक वेळा अल्फाची, म्हणजे फाइलमधल्या पारदर्शकतेच्या माहितीची, भानगड असते. डिझायनरने फाइल काळ्याशी मिसळलेल्या अल्फाची दिलेली असते आणि प्लेआउट (कार्यक्रम लावणारी यंत्रणा) तिला सरळ अल्फा समजून लावते. दोघांनी एकच प्रकार ठरवला की कड जाते. त्यासाठी नवे मशिन घ्यावे लागत नाही.

जाहिरात लागली की लोगो पडद्यावरून हटवा, हा माझा हट्ट समजा. केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, १९९४ सांगतात की जाहिरात कार्यक्रमापासून स्पष्ट वेगळी ओळखू आली पाहिजे, आणि कार्यक्रम चालू असताना पडद्याच्या खालच्या भागात मजकूर चालवून तिने आड येता कामा नये. आपल्याकडे लग्नाच्या हॉलपासून क्लासेसपर्यंत सगळ्यांची पट्टी मुलांच्या गोष्टीखाली पळत असते. मोठ्यांना फरक कळतो, पाच वर्षांच्या पोराला कळत नाही. लोगो गेला म्हणजे जाहिरात आणि लोगो आला म्हणजे गोष्ट, एवढी खूण त्याला मिळाली तरी पुष्कळ.

कागदपत्रांचे थोडक्यात. उपग्रहावरच्या चॅनलना नाव किंवा लोगो बदलताना माहिती व प्रसारण मंत्रालयाची परवानगी लागते. तुमचा प्रकार वेगळा आहे. लोकल चॅनल 'प्लॅटफॉर्म सर्व्हिस'मध्ये मोडते आणि त्यासाठी मंत्रालयाच्या नोव्हेंबर २०२२च्या मार्गदर्शक सूचना आहेत. नोंदणी एमएसओच्या, म्हणजे केबल ऑपरेटरांना सिग्नल देणाऱ्या मोठ्या कंपनीच्या, नावाने होते, शुल्क चॅनलमागे १,००० रुपये, आणि एमएसओच्या एकूण चॅनल क्षमतेच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त अशी चॅनल चालवता येत नाहीत. तुम्ही फक्त केबल ऑपरेटर असाल तर आधी तुमच्या एमएसओशी बोला, मग डिझायनरशी. त्या सूचनांनुसार पडद्यावर 'प्लॅटफॉर्म सर्व्हिसेस' असा उल्लेख दिसावा लागतो. हे शेवटी आठवले की ती अक्षरे कुठेतरी कोंबली जातात आणि लोगोला भिडतात. लोगो आखतानाच त्या अक्षरांची जागा धरा. नाव नोंदवायचे तर ट्रेडमार्कचे वर्ग ३८ आणि ४१ बघा, पहिला प्रसारणाचा आणि दुसरा मनोरंजन-शिक्षणाचा.

आणखी एक, तुम्ही विचारले नाही तरी. पेन ड्राइव्हवरून कार्टून लावायचे आणि मूळ चॅनलचा लोगो झाकायला त्यावर आपला जाड ठोकळा बसवायचा, हा प्रकार काही ठिकाणी चालतो. कॉपीराइट कायद्याच्या कलम ३७प्रमाणे प्रसारणावर मूळ चॅनलचा २५ वर्षे हक्क असतो. लोगो झाकल्याने चोरी लपत नाही, उलट ती जाणूनबुजून केल्याचा पुरावा तयार होतो. भीमाचे चित्र तुमच्या लोगोत किंवा बॅनरवर घालणेही त्यातलेच.

पैसा कुठे घालायचा, तर दोन कार्यक्रमांच्या मधल्या जागेत. तिथे पाच सेकंदांचे तुकडे लागतात, आम्ही त्यांना आयडेंट म्हणतो. तुमच्या लोगोचा रिकामा आकार छापून तालुक्यातल्या शाळांत वाटा. पोरे त्यात बैल काढतील, ट्रॅक्टर काढतील, लासूरचा बाजार काढतील, कोणी मास्तरही काढेल. त्यातले चांगले निवडून थोडे हलते करा, वर पावरीची धून, आणि त्याच पोराच्या आवाजात चॅनलचे नाव, अहिराणीत म्हटले तर उत्तम. आवाज आणि नाव वापरायला पालकांची लेखी संमती घ्या. निकच्या शिंतोड्याची हीच युक्ती आहे, फक्त आपल्याकडे चित्र काढणारे फुकट आणि जास्त हुशार आहेत.

बदल एकाच दिवशी करा. आठवडाभर जुना-नवा लोगो आलटून पालटून चालवू नका. चॅनलचा नंबर शक्यतो तोच ठेवा. मुहूर्त विचाराल तर आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधीचा आठवडा. परीक्षा बहुतेक संपत आलेल्या असतात, मामाच्या गावाला आलेली पोरे घरात असतात, आणि आपल्याकडे पारा पंचेचाळीसकडे जाऊ लागला की दुपारी कोणी बाहेर सोडत नाही. जूनमध्ये शाळा उघडताना नवे चॅनल काढणे म्हणजे रिकाम्या खुर्च्यांपुढे नाटक. आखाजीला लोगोवर झोका बांधा, श्रावणातल्या कानबाईला नारळ ठेवा, हवे ते करा. मूळ आकार आणि रंग मात्र हलवू नका.

डिझायनर जळगावचा फ्लेक्सवाला असला तरी चालेल, हात चांगला हवा. त्याच्याकडून व्हेक्टर फाइल घ्या, पारदर्शक पीएनजी घ्या, हलत्या लोगोचा टार्गा सिक्वेन्स (एकेका फ्रेमच्या चित्रांची मालिका) अल्फासह घ्या, आणि अल्फा कोणत्या प्रकारचा ते फाइलच्या नावातच लिहून घ्या. मंजुरी कंट्रोल रूमच्या मॉनिटरवर देऊ नका. सगळ्यात जुना टीव्ही असलेल्या ग्राहकाच्या घरी जा, त्याच्याच बॉक्सवर लोगो लावा, दहा फुटांवर बसा आणि त्या घरातल्या वाचता न येणाऱ्या पोराला विचारा की कोपऱ्यात काय आहे. त्याने काहीही सांगितले तरी चालेल, फक्त दुसऱ्या दिवशी विचारल्यावर तेच सांगायला हवे.